अंगठ्याचं माप

रबराच्या पाइपला बँडेज बांधलेलं गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरच्या दोघांनी आजवर पाहिलं नव्हतं. नर्सबाईंनी पिशवीतून तो आखूड, वाकडा पाइप काढून समोर ठेवला तेव्हा मालकाच्या मुलीला हसू आलं. अंगठेकाकांना मात्र आलं नाही, कारण तो पाइप काल त्यांनीच दिला होता.

"साबण लावला, गरम पाण्यात बुडवला, शेवटी मेकॅनिकनं दात-ओठ खाऊन चढवला," नर्सबाई म्हणाल्या. "अर्ध्या रस्त्यात फाटला. रेडिएटरचं सगळं पाणी गेलं, नुसती वाफ."

"मेकॅनिक नवशिका दिसतोय तुमचा," काका म्हणाले.

"तो बिचारा म्हणत होता, पाइप लहान आहे. मीच त्याला झापलं. म्हटलं, अंगठेकाकांनी दिलाय, गपचूप बसव."

बाई रागावलेल्या नव्हत्या, आणि काकांना तेच जास्त लागलं. एका म्हाताऱ्याची जखम धुवायला त्या घरोघरच्या फेरीवर निघाल्या होत्या. गाडी रस्त्याकडेला सोडून तासभर पायी गेल्या, परत येऊन पाइपला बँडेज गुंडाळलं आणि पाणी ओतत, थांबत-थांबत गाडी दुकानापर्यंत आणली, तिथे पाइप उतरवून पिशवीत घातला. म्हातारा उद्या सकाळी पुन्हा वाट पाहणार होता.

बाईंची गाडी त्यांच्या निम्म्या पेशंटांहून म्हातारी. कंपनीनं ती बनवणं सोडूनही वीस वर्षं झाली होती. काँप्युटरला तिचं नाव विचारलं तर तो ओळखच दाखवत नसे. असल्या गाड्यांसाठी दुकानात एकच इलाज होता, काकांचा हात. जुना पाइप आणायचा, काका त्याच्या तोंडात बोट घालणार. करंगळी, तर्जनी, अंगठा, प्रत्येकाचं माप ठरलेलं. अंगठा सांध्यापाशी अडला तर बावीस मिलिमीटर, सांधा ओलांडून आत गेला तर पंचवीस. रोज पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणाऱ्या माणसाला सगळे थट्टेनं अंगठेबहाद्दर म्हणायचे, त्याचंच पुढे अंगठेकाका झालं. चौतीस वर्षांत चूक म्हणून नाही. निदान त्यांना ठाऊक तरी नव्हती.

"जुना पाइप आहे ना तुमच्याकडे?" मालकाच्या मुलीनं विचारलं. काल ती दाताच्या डॉक्टरकडे गेली होती, काउंटरवर काका एकटेच होते.

बाईंनी जुना पाइप दिला. काकांनी आधी अंगठा घातला. सांध्यापाशी अडला.

"बावीस. कालही बावीसच होता."

मुलीनं खणातून मापाचा स्टीलचा चिमटा काढला, पाइपच्या तोंडाला लावला, मग पुन्हा एकदा लावून पाहिला.

"बोल की."

"पंचवीस, काका."

"जुनं रबर आहे, फुगलं असेल." असं म्हणत काकांनी मागच्या फळीवरून पंचवीस लिहिलेला कोरा पाइप ओढला. हातच्या काकणाला आरसा कशाला! अंगठा घातला. तो सांध्यापाशी अडला. त्यांनी जोर लावला. कळ मनगटापर्यंत गेली, पण अंगठा पुढे सरकेना.

नर्सबाईंनी काही न विचारता त्यांचा हात हातात घेतला आणि सांध्यावरून हलकेच बोट फिरवलं. "ही सूज कधीपासून आहे?"

"सूज कसली? वजन वाढलंय जरा."

घरी बायकोलाही त्यांनी हेच सांगितलं होतं, सोनारानं बोटातली अंगठी कापून काढली त्या दिवशी.

अंगठी आठवली आणि काका मनात मोजू लागले. त्या दिवसानंतर किती पाइप दिले असतील? शे-दीडशे तरी. मग परत एकच कसा आला? त्यांनी मुलीकडे पाहिलं. ती चिमट्याकडे बघत होती.

"कधीपासून, बाळ?"

"सात-आठ महिने झाले." ती अगदी हळू बोलत होती. "तुम्ही गिऱ्हाइकाशी गप्पा मारत असता ना, तेव्हा मी काउंटरखाली पुन्हा मापते. चुकलं असलं तर बांधताना बदलते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगणार? बोट कुठवर घालायचं ते मला तुम्हीच शिकवलंत."

काकांना राग आला, लाज वाटली, आणि त्या दोन्हींखाली कुठेतरी त्या पोरीची मायाही आली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"काका, माझ्या गाडीचं काय?"

काकांनी जुना पाइप उजेडात धरला. माप गेलं होतं, पण वाक त्यांना दिसत होता. एक मोठं वळण आणि लगेच उलटं छोटं. पंचवीसमध्ये असा वाक छोट्या गाड्यांच्या कप्प्यात नव्हताच. त्यांनी डोळे मिटले, मनातल्या मनात फळ्या चाळल्या आणि शिडी लावली. वरच्या फळीच्या कोपऱ्यातून मालवाहू टेंपोचा एक लांबलचक पाइप काढून आणला.

"हा कसा बसेल?" मुलगी म्हणाली.

"दोन्ही टोकांचा सरळ भाग काप. मधलं वळण धर जुन्याशेजारी."

तिनं धरलं. जुळे भाऊ शोभावेत असे दोन पाइप. तिनं चिमटा लावला. पंचवीस.

पाइप काकांनी स्वतः बाहेर जाऊन बसवला. पट्ट्या आवळताना अंगठा ठणकत होता, तरी स्क्रू ड्रायव्हर त्यांनी कुणाच्या हाती दिला नाही. पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. तापमानाचा काटा मधोमध येऊन थांबला, पुढे गेला नाही. पाव तास तिघं त्या काट्याकडे बघत उभी होती.

"उद्या माझं म्हाताऱ्याकडचं काम आटपलं की दवाखान्यात या, हात दाखवा," निघताना बाई म्हणाल्या. "नाही, मीच येते. तुम्ही यायचे नाहीत."

दुपारी एक ट्रॅक्टरवाला आला, त्यानं चिकट पाइप काउंटरवर टाकला. "अंगठेकाका, बघा जरा."

काकांचा अंगठा सवयीनं वर आला. त्यांनी तो मुठीत मिटला आणि पाइप मुलीकडे सरकवला. तिचा हात चिमट्यासकट आपसूक काउंटरखाली गेला.

"वर घे," काका म्हणाले.

तिनं वर घेतला, मापलं. "अठ्ठावीस," ती पुटपुटली.

"मोठ्यानं सांग, बाळ. गिऱ्हाइकाला ऐकू जायला हवं."