न उघडणारी बरणी

झाकण निघेना. तिनं बरणी पोटाशी धरून दातओठ खाऊन पिळली, गरम पाण्यात बुडवून पाहिली, लाकडी चमच्यानं कडेकडेनं ठोकली. झाकण ढिम्म हललं नाही. आत मात्र काहीतरी खणखणलं.

चूक काय झाली ते तिला लगेच कळलं. बरणीला ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा चकाकणारा लेप, लावला की झाकण जिथं टेकतं ती कड ओल्या स्पंजनं पुसून घ्यायची असते. नाही पुसली, तर भट्टीत ग्लेझ वितळतं आणि झाकण बरणीला जन्माचं चिकटतं. अशी चूक पहिल्या वर्षाची पोरं करतात, आणि ही तर मातकामाची पदवी घेऊन बसलेली. पण त्या दुपारी तिची लेक ठकू झोपेतून लवकर उठली, तिला घ्यायला ही धावली आणि कड राहिली तशीच. आतली खणखण ही ठकूचीच करामत. दोन वर्षांची ती पोर दिवसभर मातीच्या गोळ्या वळायची आणि दिसेल त्या उघड्या भांड्यात टाकून मोकळी व्हायची.

पीएच.डी.ची मुलाखत महिन्यावर आली होती आणि तिथं न्यायच्या होत्या नेमक्या बरण्याच.

मुळात तिला बोलावलं हेच नवल होतं. पदवी झाली, मग लग्न, मग ठकू. एम.ए. राहूनच गेलं. कॉलेजातले सर म्हणाले होते, "काम बघून पदवीवरून थेट घेतात एखाद्याला. अर्ज तर टाक." तिनं टाकला. शेजारच्या काकूंना ते काही पचलं नाही.

"मधली पायरी गाळली की माणूस तोंडावर आपटतं, बाई."

"पाय लांब असले तर नाही आपटत," सासूबाई ठकूला भरवता भरवता म्हणाल्या. काकू गेल्यावर मात्र हळूच विचारलं, "अगं, खरंच घेतील ना गं?"

हीच शंका तिलाही होती. आपल्याला एम.ए. झालेल्यांपेक्षा कमी येत नाही हे दाखवायचं, म्हणून ठकू झोपली की ती पाठांतर करायची. कुठली माती किती तापते, कुठलं ग्लेझ कशानं तडकतं, सगळं तोंडपाठ. पण पुस्तक उघडलं की शेजारून ठकू ती बंद बरणी हलवायची आणि हिचं लक्ष उडायचं. आवाज मातीच्या भांड्याचा वाटतच नव्हता, एखाद्या घंटीचा वाटायचा. शेवटी तिनं पुस्तक मिटलं आणि तशाच आणखी बरण्या केल्या. आत गोळी टाकली, कड मुद्दाम पुसली नाही. भट्टीतून निघाल्या त्या सगळ्या नुसत्या खडखडल्या. एकही खणखणली नाही.

"बिघडवायलासुद्धा जमेना मला," ती सासूबाईंना म्हणाली आणि दोघी हसत सुटल्या.

मुलाखतीला तिनं नेल्या त्या शहाण्या बरण्या. झाकणं अलगद बसणाऱ्या, अलगद निघणाऱ्या. सासूबाई ठकूला घेऊन बाहेर बाकावर बसल्या. ठकू खणखणती बरणी सोडायला तयार नव्हती, म्हणून तीही बरोबर आली होती.

आत टेबलामागे विभागप्रमुख बाई आणि बाहेरून आलेले एक परीक्षक होते. त्यांनी विचारलं ते सगळं तिला आलं. धडाधड उत्तरं दिली. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"छान. पण हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं आहे. तुम्हाला काय शोधायचंय?"

तिनं पुढ्यातल्या बरणीचं झाकण काढलं आणि परत बसवलं. तेवढ्यात दाराबाहेर खणखणलं, मग पुन्हा.

"ते काय वाजतंय?" बाईंनी विचारलं.

"माझी मुलगी आहे. म्हणजे, माझी चूक आहे ती."

"मुलगी की चूक?"

"बरणी," ती म्हणाली आणि तिचे कान तापले.

बाईंनी हसत सगळ्यांना आत बोलावलं. परीक्षकांनी ठकूकडून बरणी मागून घेतली, झाकण ओढून पाहिलं, मग हलवली. हलवतच राहिले.

"पुन्हा करता येईल अशी?"

"नाही. करून पाहिल्या मी. त्या खडखडतात, हीच खणखणते."

"का?"

"माहीत नाही."

एकदा तोंडातून गेलं आणि मग तिला थांबवेना. गोळी ओली होती म्हणून असेल, नाहीतर भिंत पातळ असेल. ही बरणी भट्टीच्या कोपऱ्यात होती, तिथं आच वेगळी लागते. एका गोळीऐवजी दोन टाकल्या तर? उघडून बघावी तर फुटणार आणि फुटली की आवाज गेला. बोलता बोलता तिचे हात हवेतच बरणी घडवत होते. सासूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

"एवढ्या वेळात तुम्ही एकदाही 'माहीत नाही' म्हणाला नव्हतात," परीक्षक म्हणाले. "मला वाटलं, हिला सगळंच येतं, मग हिला घेऊन करायचं काय?" त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान डोलावली.

"पहिलं वर्ष एम.ए.च्या मुलांबरोबर काही तासांना बसावं लागेल," त्या म्हणाल्या. "संशोधन कसं मांडायचं ते शिकून घ्या. बरण्या मात्र पहिल्या दिवसापासून. कळवू रीतसर, पण भट्टीच्या पाळीत तुमचं नाव लावायला मी आजच सांगते."

तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं हसू, आणि तेही थांबेना. सासूबाईंनी तिच्या पाठीत एक हलकीशी चापट मारली.

"माझी," ठकूनं हात पुढे केला. परीक्षक बरणी कानाशी धरून अजून हलवत होते.

"देऊन टाका हो, साहेब," सासूबाई म्हणाल्या. "भोकाड पसरलं तर ही इमारत खाली करावी लागेल."

त्यांनी नाइलाजानं दिली. "मला फक्त एकदा शेवटचं..." म्हणेपर्यंत ठकू बरणी घेऊन व्हरांड्यात पळाली होती. तिच्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे ती. दारातून मागे वळून तिनं विचारलं,

"कधीपासून येऊ?"