ट्रेमधला रिकामा खण

आपले माणूस मोक्याच्या जागी असले की रांग आणि नियम इतरांसाठी असतात, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. वाचकहो, नाही म्हणू नका. शाळेत लस टोचणाऱ्या एका सिस्टरच्या लेकीचीही तीच समजूत होती.

पोलिओची लस तेव्हा नुकतीच तयार झाली होती आणि ती खरोखर उपयोगी पडते का, याची चाचणी शाळाशाळांतून चालली होती. प्रत्येक मुलाला एक आकडा आणि त्याच आकड्याची एक बाटली. निम्म्या बाटल्यांत लस, निम्म्यांत नुसते मिठाचे पाणी. रंग तोच, झाकण तेच. कोणत्या आकड्यात काय आहे हे टोचणाऱ्या सिस्टरलाही ठाऊक नसे. ती यादी दूरच्या कचेरीत मोहोरबंद होती. आईबापांनी हे सारे समजून घेऊन सह्या केल्या होत्या. लेकीनेही केली होती. पण मागच्या गल्लीतल्या एका मुलाचे पाय गेले आणि तिचा धीर सुटला.

"आई, जगाच्या पोरांना टोचतेस आणि तुझ्या नातीला पाणी मिळालं तर? मग तू तिथं असून उपयोग काय?"

तीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरने औषधाचा थेंबही इकडचा तिकडे केला नव्हता. पण नातीवर तिचा जीव होता. शिवाय तिने मनाशी एक आडाखा बांधला होता. गेल्या आठवड्यात एका खोक्यातल्या बाटल्या ज्यांना टोचल्या, त्या मुलांचे दंड सुजले होते. म्हणजे त्या खोक्यात खरी लस! त्यातली उरलेली एक बाटली शिंप्याच्या मुलीच्या आकड्याची होती. नातीची पाळी जवळ येताच सिस्टरने ती बर्फाच्या ट्रेमधून उचलून खिशात टाकली.

नोंदी ठेवणाऱ्या गृहस्थांना सगळे वहीकाका म्हणत. लहानपणी पोलिओने त्यांचा एक पाय वाळला होता. त्या पायात लोखंडी पट्ट्यांचा बूट असे. त्यांनी ट्रेकडे पाहिले, मुलांना बाहेरच थांबायला सांगितले आणि वर्गाचे दार लोटले.

"सिस्टर, एक खण रिकामा आहे."

"फुटली असेल."

"मग काचा दाखवा. तशी नोंद करतो."

सिस्टरने मान खाली घालून बाटली परत खणात ठेवली आणि सगळे सांगून टाकले. वहीकाकांचा आवाज चढला नाही.

"शिंप्याच्या मुलीला काय टोचणार होतात?"

"नातीची बाटली."

"म्हणजे तुमच्या समजुतीनं, पाणी." त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. "उद्या ती पोर आजारी पडली, तर ही वही सांगेल की लस घेऊनही पडली. अशा दहा सिस्टर निघाल्या, तर चांगली लस खोटी ठरेल. माझ्या लहानपणी कुणी अशी वही खरी ठेवली असती, तर हा बूट माझ्या पायात नसता. आणि दंड सुजले म्हणून काय झालं? त्या दिवशी तुमची सुई बोथट असेल!"

सिस्टरला हसू आले नाही. तिने त्या बुटाकडे पाहिले.

"नोंद करा," ती म्हणाली. "बाटली दहा मिनिटं ट्रेबाहेर होती."

"कारण?"

"सिस्टरची चूक."

मग तिने नातीला नातीच्याच आकड्याची बाटली टोचली. पुढे कित्येक महिने लेक तिच्याशी धड बोलली नाही.

वर्षभराने यादी उघडली. पाणी मिळालेल्या मुलांपेक्षा लस मिळालेल्यांत पोलिओ फारच कमी झाला होता. लस खरी ठरली! पाणी मिळालेल्या मुलांना आता लस द्यायची होती आणि त्या रांगेत नात धडधाकट उभी होती. तिच्यामागे शिंप्याची मुलगी होती. सिस्टरने लपवलेली ती बाटलीही पाण्याचीच निघाली होती. मधल्या काळात त्या मुलीला ताप आला आणि तिचा डावा पाय गेला. पोलिओचे आणखी प्रकार असतात, म्हणून तिलाही लस हवी होती. लोखंडी बूट टेकत ती पुढे आली.

"सिस्टर," शिंप्याने हळूच विचारले, "माझ्या पोरीची नोंद काही कामाला आली का हो?"

सिस्टरला मान वर करणे जड गेले. तरी तिने केली.

"आली. खरी होती, म्हणूनच आली."

वाचकहो, आज आपल्या घरातले मूल निर्धास्त धावते, त्यामागे अशा अनेक मुलांच्या खऱ्या नोंदी आहेत. आपल्या माणसासाठी नियम वाकवताना एवढे ध्यानात ठेवावे की रांगेत मागे उभे असलेले मूलही कुणाची तरी नात असते.