पुढचं अर्धं

जानकीच्या पोटात प्रश्न म्हणून टिकायचा नाही. स्वभावाने खवचट नव्हती बिचारी, पण समोरच्या पिशवीत काय आहे ते विचारल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. मुलुंडच्या त्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर कुणाकडे पाव्हणे आले, तर त्यांचं गाव यजमानांच्या आधी जानकीला कळायचं.

तिच्या समोरच्या दारात मैमूना परकार राहायची. जानकी मालवणची, मैमूना दापोलीची. बांगड्याच्या कालवणात जानकीला तिरफळ हवंच, मैमूनाला अजिबात नको, यावरून दोघी वर्षानुवर्षं भांडत आल्या होत्या आणि भांडून झालं की एकमेकींच्या वाट्या रिकाम्या करत होत्या. मैमूनाला मूलबाळ नव्हतं. तिचे याकूबभाई गेले तेव्हापासून ती इद्दतीत होती. म्हणजे नवरा गेल्यावर बाईने ठरलेले महिने घरातच काढायचे. जानकी रोज दुपारी तिच्याकडे जाऊन बसायची. मैमूना बोलायची, जेवायची, नमाज पढायची, फक्त हसायची नाही.

एके सकाळी दार अर्धवट उघडं होतं आणि आतून मैमूनाचा आवाज आला, "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन."

जानकीच्या हातातली दुधाची पिशवी हातातच राहिली. हेच शब्द तिने याकूबभाई गेले त्या दिवशी ऐकले होते. म्हणजे कुणीतरी गेलं. आता कोण गेलं हे आत जाऊन विचारायचं की नाही? एरवी नको तिथे विचारणारी ही बाई नेमकी त्या दिवशी विचारायची राहिली. दापोलीला मैमूनाची म्हातारी मावशी होती, तीच असणार, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं आणि नवऱ्याला हलवून उठवलं. नंदकुमार सोसायटीच्या कमिटीवर. त्याने खाली मुलांच्या क्रिकेटचा स्पीकर बंद करायला लावला. थोड्याच वेळात बायका पदर सावरत मैमूनाच्या दारात आणि पुरुष मंडळी जिन्यात, माना खाली घालून उभी.

मैमूना पडद्याआडून म्हणाली, "काय झालं गं?"

"मावशी चांगली होती हो," जानकी डोळे पुसत म्हणाली.

तेवढ्यात आत मोबाइल वाजला. मैमूनाने स्पीकरवर लावला आणि साऱ्या मजल्याला मावशीचा खणखणीत आवाज ऐकू गेला. "मैमूना, इद्दत संपत आली ना गो? माझी खानावळ सांभाळायला कधी येतेस? माझ्याने आता एवढ्या भाकऱ्या होत नाहीत!"

जिन्यात कुणीतरी खाकरलं. नंदकुमारने बायकोकडे पाहिलं. जानकीने छताकडे पाहिलं.

गेला होता तो मिक्सर. खोबरं वाटता वाटता धूर सोडून गपगार पडला होता. हे कळल्यावर मैमूना जी हसायला लागली ती पडदा धरून खालीच बसली. लोक पांगले, काहीजण चिडलेही, पण जानकी लाज वाटूनही खूश होती. मैमूना हसली होती ना, मग झालं तर.

पण प्रश्न उरलाच होता. दुपारी जानकी आपला मिक्सर घेऊन गेली आणि खोबरं वाटता वाटता म्हणाली, "मिक्सरला पण तेच म्हणता तुम्ही? माणसाला तेच आणि मिक्सरला तेच?"

"काही गेलं की म्हणायचं. चपलेचा अंगठा तुटला तरी. आम्ही अल्लाचे आणि त्याच्याकडेच परत जाणार, एवढाच अर्थ. आणि पुढे अजून एक दुआ आहे. या दुःखाचं मला पुण्य दे आणि गेलं त्याच्या बदल्यात त्याहून चांगलं दे."

"मिक्सरचं ठीक आहे गं. दुसरा चांगला मिळेल. पण माणसाचं काय? त्याहून चांगलं कसं मागायचं?"

मैमूनाने खोबऱ्याची वाटी खाली ठेवली. "तेच तर. यांच्या वेळी मी पहिलं अर्धं म्हटलं. पुढचं अजून म्हटलेलं नाही. ते म्हटलं की यांच्याहून चांगलं काही असू शकतं, असं कबूल केल्यासारखं होईल. म्हणून मावशीलाही येत नाही असंच कळवणार आहे. इथेच राहीन, या घरात."

हे ऐकून जानकीला इतकं बरं वाटलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. मैमूना जाणार नव्हती. आता फक्त गप्प बसायचं होतं. दुसरं कुणी असतं तर बसलंही असतं.

"पण ही दुआ पहिल्यांदा म्हणणाऱ्या बाईला हा प्रश्न पडला नव्हता?" तिने विचारलंच.

"पडला होता," मैमूना सावकाश म्हणाली. "पैगंबरांच्या काळात उम्मे सलमा होत्या. नवरा गेला तेव्हा त्यांच्याही मनात आलं, अबू सलमांहून चांगलं कोण असणार?"

"मग? म्हटलं का त्यांनी?"

"म्हटलं."

"मिळालं?"

"पुढे खुद्द पैगंबरांशी त्यांचा निकाह झाला."

"म्हणजे उत्तर माहीत नसताना म्हटलं त्यांनी," जानकी म्हणाली. आणि मग तिला कळलं आपण काय करून बसलो ते. वाट लागली, आता ही म्हणणार आणि जाणार. जीभ चावून उपयोग नव्हता, मैमूना तिच्याकडे टक लावून बघत होती. असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची अजान झाली. मैमूना हातपाय धुऊन वजू करायला उठली. नमाजानंतर ती जानमाजच्या चटईवर बराच वेळ बसून राहिली, तळवे उघडे, ओठ हलताहेत. जानकी स्वयंपाकघरातून बघत होती. "व अख्लिफ ली खैरम मिन्हा," एवढं ऐकू आलं, म्हणजे दुआचं ते पुढचं अर्धंच, आणि मग मैमूना रडायला लागली, याकूबभाई गेले त्या दिवशीसुद्धा रडली नव्हती तशी. डोळे पुसून तिने मावशीला फोन लावला.

इद्दत संपल्यावर ती दापोलीला निघाली. मिक्सर नवीन घेतला होता, तो रिक्षात मांडीवर. खाली सगळी सोसायटी आली होती. नंदकुमारने बॅगा चढवल्या. जानकी मात्र बाजूला उभी. तिला मैमूनाचा राग आला होता, त्या मावशीचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाचा.

रिक्षा सुरू झाली तशी ती पुढे झाली. "इन्ना लिल्लाहि," ती म्हणाली, "व इन्ना इलैहि राजिऊन. बरोबर म्हटलं ना?"

"बरोबर," मैमूना म्हणाली. "आणि दुआ? बदल्यात चांगलं?"

जानकीने समोरच्या दाराला लावलेल्या कुलपाचा विचार केला. तिथे उद्या कुणीतरी येईल, त्यांचं गाव विचारावं लागेल, तिरफळ घालता का तेही विचारावं लागेल.

"तुझ्याहून चांगली नको मला," ती म्हणाली. "ते नाही जमत म्हणायला."

"मलासुद्धा नव्हतं जमत," मैमूना म्हणाली आणि तिचा हात दाबला. "तू विचारलंस म्हणून जमलं."

रिक्षा गेटबाहेर पडली. जानकी जिना चढून वर आली, कुलपासमोर जरा वेळ उभी राहिली आणि मग आपल्या घरात जाऊन तिने बांगड्याचं कालवण चढवलं, बिनतिरफळाचं.