कोरं दार

"भूत हवं तेवढं खोटं काढ. त्याच्या मागची भिंत मात्र खरी काढ. आणि जे डोळ्यांनी पाहिलं नाहीस, ती जागा कोरी सोड. पाहून ये, मग भर."

काकांचं हे बोलणं शाईताईच्या अंगात इतकं मुरलं होतं, की ब्रश दौतीत बुडवला की ते आपोआप ऐकू यायचं. काका पेन्सिलीने चित्र काढत, ती त्यावर शाई चढवी, म्हणून तिचं नाव शाईताई पडलं. पुढे घरच्यांनीही तेच उचललं. काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी, ती अजून त्याच उतरत्या टेबलापुढे बसत होती. सकाळी काम सुरू करण्याआधी पट्टी न लावता कागदावर एक सरळ रेघ मारायची, हा तिचा नेम. अंगात ताप असो, दाराशी पाहुणे असोत, रेघ चुकली नव्हती.

'भिंतीआडची' ही त्यांची भुताची चित्रकथा बरीच वर्षं चालली. लोक प्रत्येक अंक दोनदा वाचायचे. एकदा घाबरायला आणि एकदा शोधायला. कारण काका चित्रांत काय काय दडवून ठेवत. गवंड्याने स्वतःच्या बायकोला पुलाच्या भिंतीत चिणलं, ही जुनी कथा सगळ्यांनाच ठाऊक. काकांचं मुख्य भूत तिच्यावरूनच आलेलं. पण एखाद्या आरशाची चौकट दुसऱ्याच कुठल्या जुन्या गोष्टीतली असायची, तर एखाद्या जिन्यावर कुण्या विसरलेल्या कवितेतला लंगडा कावळा बसलेला असायचा. कुणाला सापडलं की तो पत्र पाठवून कळवी, आणि काका मिशीत हसत.

आता सगळे अंक एकत्र करून जाडजूड पुस्तक निघणार होतं. काकांच्या मागे अर्धवट राहिलेला शेवटचा अंक शाईताईने पुरा करत आणला होता. राहिली होती फक्त शेवटच्या चित्राची चौकट. त्यासाठीच आज दुपारी संपादकबाई जिना चढून आल्या होत्या. तरुण बाई, पण वाचन दांडगं. पानं जमिनीवर पसरून त्या गुडघ्यांवर रांगत होत्या.

"ताई, पुस्तकाच्या शेवटी मी पुरवणी देणार आहे. कुठली चौकट कुठल्या कथेतून आली, सगळं. बरंचसं मला सापडलंय. एकच अडलंय." त्यांनी एका भुताच्या बाहीवर बोट ठेवलं. "ही लाल खूण. इथे मासा. त्या दुसऱ्या भुताला शिडी. तिसऱ्याला अर्धा चंद्र. प्रत्येक भुताची खूण वेगळी, आणि ती कधी बदलत नाही. हे कुठल्या पुस्तकातलं?"

शाईताईने ब्रश धुऊन बाजूला ठेवला.

"पुस्तकातलं नाहीच ते," ती म्हणाली. "मागच्या गल्लीतल्या धुलाईखान्यातलं आहे."

कोपऱ्यात बसलेला फुगेवाला मान वर करून बघू लागला. पात्रांच्या तोंडचे फुगे काढून त्यांत अक्षरं लिहिणारा हा गडी, एरवी कुणाला बोलू द्यायचा नाही. आज त्याने पेन खाली ठेवलं.

शाईताईने हळूहळू सांगितलं. धुलाईखान्यातल्या बायकांचे कामाचे अंगरखे सारखेच, म्हणून प्रत्येकीने बाहीवर लाल दोऱ्याने आपली खूण भरलेली. काकांची आई तिथे इस्त्री करायची, मासा तिचा. काका अगदी लहान असताना वाळवणीच्या खोलीत आग लागली. बायका मागच्या दाराकडे धावल्या. दार उघडलं नाही, सगळ्या आतच गेल्या. चौकशी झाली, आणि निकाल आला की बायकांनी आराम करायला म्हणून आतून कडी घातली होती, घाबरून ती त्यांना निघाली नाही. गल्लीतली माणसं मात्र सांगत, कडी बाहेरून होती. बायका लवकर घरी पळू नयेत म्हणून मुकादमच ती लावायचा.

"म्हणजे चिणलेली बाई म्हणजे..." संपादकबाई उठून बसल्या.

"वरून कथा, आत त्या बायका. दिव्याचा वाकडा खांब, पाण्याची हौदी, फुटक्या कौलांची रांग, सगळं काकांनी जाऊन पाहून काढलंय. नुसतं ते दार तेवढं राहिलं."

शेवटच्या चौकटीत पेन्सिलीने काढलेला एक हात होता. बाहीवर मासा. हात पुढे झालेला, आणि पुढे स्वच्छ पांढरा कागद.

"मला वाटलं, इथे काळं भरायचं राहिलंय," संपादकबाई म्हणाल्या. "खरं सांगू? काळंच शोभेल. हात अंधारात जातो, गोष्ट संपते. वाचकाच्या पोटात गोळा येईल."

"येईल ना. पण काका काळं भरायच्या जागी तसं लिहून ठेवायचे. कोरं सोडलं म्हणजे पाहायचं राहिलं."

"इतकी वर्षं? गल्ली तर इथेच मागे आहे!"

"रोज निघायचे बिचारे," फुगेवाला मध्येच बोलला. "चपला घालायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे, आणि परत येऊन म्हणायचे, आज उजेड बरोबर नाही. मी एकदा म्हटलं, काका, भुतं काढून पोट भरता आणि एका दाराला भिता? पट्टी फेकून मारली मला."

कुणी हसलं नाही. तोच हसला, मग त्यालाही ते जमेना.

शेवटच्या आजारपणात काकांनी शाईताईचा हात धरून एवढंच मागितलं होतं. दार तू पाहून काढ, ऐकीव काढू नकोस. तिने हो म्हटलं होतं. पण धुलाईखान्याचं आता पुठ्ठ्याच्या खोक्यांचं गोदाम झालं होतं, आणि तिला विचारायला जायचा धीर होत नव्हता. तोही तिने गेल्या आठवड्यात गोळा केला. गोदामवाला डोकं खाजवत म्हणाला होता, "दार आहे की. मधल्या काळात कुणी हात लावला नाही त्याला. खोकी हलवून ठेवतो, पुढच्या आठवड्यात सकाळी या. आजवर कुणी विचारलंच नाही हो."

शाईताईने हे सांगितलं आणि उद्या सकाळी जाणार असल्याचंही. संपादकबाईंनी शेवटचं पान जवळ ओढलं.

"ताई, रागावू नका. कडीची भोकं आतल्या बाजूला निघाली तर? आख्खी मालिका बाहेरच्या कडीवर उभी आहे. गवंड्याच्या रूपात मुकादमाला इतके अंक आपण राक्षस करून ठेवलंय. काळं भरलं तर कुणाला काही कळणार नाही. खोटंही नाही, खरंही नाही."

हाच काटा शाईताईच्या मनात आठवडाभर सलत होता. काकांना तरी दुसरी कसली भीती होती? आईनेच कडी घातली असली तर, हीच ना. ती म्हणाली, "आतून निघाली तर आतून काढीन."

"आणि मग पुस्तक?"

"पुस्तकाचं तुम्ही ठरवा. छापू नये वाटलं तर नका छापू. भिंत मी खोटी काढणार नाही."

आवाज चढला नव्हता. तो कधीच चढायचा नाही. पण फुगेवाल्याला ठाऊक होतं, की ही बाई हळू बोलायला लागली की तिला हलवणं कठीण. त्याने संपादकबाईंकडे बघून नुसती मान हलवली.

संपादकबाईंनी पानं गोळा केली. "उद्या दुपारी छापखान्यात पानं द्यायची आहेत. तोवर थांबते," त्या म्हणाल्या. जिन्यात वळून पुन्हा म्हणाल्या, "पुरवणीत त्या खुणांचं लिहीन मी. प्रत्येक खूण कुणाची, तेवढं मला सांगा."

"ते काकू सांगतील. त्या त्याच गल्लीतल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाईताई पिशवी भरत होती. जाड कागदाची वही, दोन पेन्सिली, मोजपट्टी, छोटी विजेरी. काकू जिना चढून आल्या. गुडघे दुखतात म्हणून महिनोन्महिने वर न आलेल्या काकू दाराशी धापा टाकत उभ्या राहिल्या.

"निघालीस?"

"निघाले काकू."

"शिडीवाली बाई होती ना, तिने मला कडेवर घेतलेलं आहे," काकू म्हणाल्या. मग उगाचच टेबलावरची शाईची दौत सरळ केली. "ह्यांना नाही जमलं. नुसत्या चपला झिजवल्या. तू नीट बघ. बोटं फिरवून बघ, डोळे फसवतात. आणि येऊन आधी मला सांग."

"जे असेल ते?"

"जे असेल ते. म्हातारी झाले म्हणून गोड करून सांगायला जाशील, तर याद राख."

"नाही सांगणार गोड."

काकू खुर्चीवर टेकल्या. काकांच्या खुर्चीवर त्या आयुष्यात पहिल्यांदाच बसल्या असाव्यात.

टेबलावर नेमाचा कागद पडला होता, अजून कोरा. शाईताईने त्याच्याकडे पाहिलं, ब्रशकडे हात नेला आणि मागे घेतला. कागद उचलून तिने वहीत घातला. आजची रेघ तिथेच मारायची, दाराच्या चौकटीपासून सुरुवात करून. तिने चपला पायात सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली आणि आवाज न करता जिना उतरली. कोपऱ्यावर उजेड तिरपा पडला होता. बरोबर आहे की नाही हे पाहायला ती थांबली नाही, गल्लीत वळली.