पानातली सून

दगडाबाईंनी हरभऱ्याचा शेंडा खुडला आणि त्याच्या आंबानं आंबट झालेली बोटं सुनेच्या तोंडापुढं धरली.

"हे हिरवं बघायला सहा महिने हैदराबादला जायलीस? आपल्या झरी गावात काय हिरव्याचा दुष्काळ पडलाय?"

राजेश्री खुडत राहिली. तिथं वनस्पतींवरच्या पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली होती आणि उद्या होकार कळवायचा होता. नवरा, गोपाळ, म्हणाला होता, आईला विचार. तिची स्कूटी दीर फिरवत होता, एटीएमचं कार्ड गोपाळच्या पाकिटात होतं, आणि तिनं कधी उठायचं ते सासूच्या खोकल्यावर ठरत होतं.

"हिरवेपणा ज्याच्यात असतो ना आत्याबाई, तो बारीक कण. हरितलवक. तो आधी झाडाचा नव्हताच. पाण्यात मोकळा राहायचा. एका मोठ्या पेशीनं गिळला."

"अन् पचवला?"

"न्हाई. ठेवून घेतला. उन्हावर सैपाक करायला."

दगडाबाई फिसकन हसल्या. "म्हंजी सूनच की गं!"

"कसं जगायचं याचे हजारो हुकूम, म्हंजी जनुकं, त्याच्यापाशी होते. पिढ्या गेल्या तसे एकेक करून पेशीच्या मोठ्या पेटीत, केंद्रकात गेले. आता शंभरेक उरलेत. हरभऱ्याच्यात तर आणखी गेलेत. ते कसे, तेच बघायचंय."

"अन् बाहीर काढलं तर?"

"जगत न्हाई. लागतं ते सगळं घराच्या ताब्यात."

दगडाबाईंचा हात टोपलीत तसाच राहिला. एके काळी येलदरी धरणाच्या पाण्यात भावांना मागं टाकून पोहणारी पोर होत्या त्या. परवाच माहेरी भाच्याच्या लग्नाला गेल्या, तर भाऊ हात धरून राहा म्हणत होता. कुणी अडवलं नव्हतं. तरी घर कोण बघील म्हणत सांजच्या एसटीनं परत आल्या. घर चांगलं जागच्या जागी होतं. लवकर का आलात, कुणी विचारलंही नाही.

"होकार कळव," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई?"

"बघतीस काय? तुझं अजून समदं देऊन झालं न्हाई. जा. गोप्याला मी बघते."

राजेश्रीनं खुडणं थांबवलं. "तुमी बी चला की. चार दिवस माझ्यासंगं."

"मी?" दगडाबाईंनी पदर झटकला. "मला बाहीर काढून मारतीस का गं?"

दोघी खदखदून हसल्या. आधी थांबली ती राजेश्री.