राखाडी बटण

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सासूबाई सांगतीलच. माझ्या लेकीला "एका जागी बसत नाही हो" म्हणून घरी पाठवणारी ती चौथी शाळा. तिथल्या मुख्याध्यापकांना मी जे सुनावलं, ते लिहिण्यासारखं नाही. लेक तेव्हा नऊ वर्षांची, स्वमग्न. बोलते मोजकं. पण माझ्या शिवणकामाच्या दुकानातली बटणं रंगवार अशी लावते की मला डबा शोधावा लागत नाही.

मग आमच्या गल्लीतल्या नर्सबाई, बेकरीवाले आणि मी, अशाच मुलांचे आईबाप, तिघांनी मिळून आपणच शाळा काढायची असं ठरवलं. आमची तीन मुलं आणि आसपासची चार. बेकरीवाल्यांनी रिकामं गोदाम दिलं. शिकवायला एक बाई मिळाल्या, त्यांचा आवाज चढलेला मी आजतागायत ऐकलेला नाही. राहिल्या भिंती. माझ्या दुकानाशेजारचे रंगारी काका म्हणाले, "डबे तुम्ही आणा, हात माझे. मजुरीचा विषय काढलात तर निघून जाईन."

तीन आठवडे ते राबले. लाल आयाळीचा सिंह, फुगे, हसरा सूर्य, डोळे मिचकावणारं इंजिन. आम्ही छताला चमकत्या पताका लावल्या, दारात भलीमोठी पितळी घंटा टांगली. अशी देखणी शाळा मी पाहिली नव्हती.

पहिल्या दिवशी घंटा वाजली आणि सातपैकी एक मूल आत जाईल तर शपथ! बेकरीवाल्यांच्या मुलानं कानांत बोटं घातली. नर्सबाईंच्या मुलीनं जमिनीवर अंग टाकलं. माझी लेक डोळे मिटून म्हणत राहिली, "बंद. बंद. बंद."

 घरी मी मिक्सर दार लावून फिरवते, तिच्या प्रत्येक फ्रॉकच्या मानेवरचं लेबल उसवते. नर्सबाईंनी तर घरातलं टिकटिकणारं घड्याळसुद्धा काढून टाकलंय. आणि शाळा म्हटल्याबरोबर आम्ही तीच शाळा उभी केली, जिनं आमच्या मुलांना बाहेर काढलं होतं. त्या मुख्याध्यापकांचा आला नव्हता इतका राग मला स्वतःचा आला.

आठ दिवसांनी परवानगीसाठी अधिकारीबाई येणार होत्या. किमान पाच मुलं वर्गात बसलेली दिसायला हवीत, नाहीतर अर्ज वर्षभर बाद. पताका आणि घंटा त्याच दुपारी उतरवल्या. पण काकांना सांगायचं कोणी? ते माझ्याच गळ्यात पडलं.

"काका, तो सिंह..." एवढंच मला बोलता आलं.

काकांनी सिंहाकडे पाहिलं, मग दाराबाहेर पाठ फिरवून उभ्या असलेल्या लेकीकडे. "पाच दिवसांत होईल," ते म्हणाले. "पण रंग कुठला, ते तिला विचारा."

लेकीनं खिशातून एक राखाडी बटण काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. मी चाट पडले. एरवी तिच्या बटणाला हात लावला तर ती घर डोक्यावर घेते! काकांनी रंग कालवला, ती म्हणाली, "नाही." पुन्हा कालवला. "नाही." तिसऱ्यांदा तिनं बटण डब्याशी धरलं आणि गप्प राहिली. त्यानंतर काका रोज सकाळी तिच्याकडून बटण न्यायचे आणि संध्याकाळी सहाला परत द्यायचे. सिंहावर पहिला हात त्यांनी स्वतः फिरवला. मला ते बघवेना, मी बाहेर गेले.

शेवटच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. कामाच्या घाईत बटण काकांच्याच खिशात राहिलं आणि ते परस्पर दुसऱ्या कामावर निघून गेले; रात्री घरी सापडले नाहीत, फोनही लागेना.

दुसऱ्या दिवशी अधिकारीबाई आल्या. चार मुलं शांतपणे आत बसली होती. दोघं अजून दारापर्यंतच यायची. माझी लेक उंबऱ्यावर उभी, तळहात पुढे पसरलेला, काही केल्या हलेना. बेकरीवाले स्कूटर घेऊन काकांना शोधायला धावले.

"भिंती फारच फिक्या आहेत हो," अधिकारीबाई म्हणाल्या. "चित्रं काढा की. मुलांना आवडतात."

मी जन्मात पहिल्यांदा जीभ आवरली.

त्यांनी घड्याळ पाहिलं. "मला चारच दिसतात, ताई."

"मॅडम, पाच मिनिटं थांबा. पाया पडते."

त्या थांबल्या. त्यांचेही उपकार मी विसरणार नाही. स्कूटर आली. मागच्या सीटवरून काका उतरले, कोपरापर्यंत रंगलेले, धापा टाकत.

"चुकलं गं बाळा माझं," म्हणत त्यांनी बटण तिच्या हातावर ठेवलं.

तिनं ते भिंतीला लावलं. नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं. मग आत गेली आणि भिंतीला गाल टेकून बसली.

"पाच," अधिकारीबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या आणि कागदावर सही केली. मी तिथेच, सगळ्यांसमोर, पदरात तोंड खुपसून रडले.

शाळा सुटल्यावर लेकीनं ते बटण काकांच्या शर्टाच्या खिशात टाकलं आणि खिसा वरून थोपटला. "उद्या," ती म्हणाली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. काका रोज कामावर जाण्याआधी येतात, आदल्या संध्याकाळी तिनं खिशात टाकलेलं बटण देतात. लेक ते भिंतीला लावून बघते आणि आत जाते, मागोमाग सगळी मुलं. आता अकरा आहेत. आमच्या शाळेत घंटा नाही. काका आले की शाळा भरते.