साहेबांची हजामत

कुत्रा घ्यायचा, पण केस गळणारा नको. सलूनवाल्याची ही एकच अट होती आणि ती ऐकून ओळखीपाळखीचे सगळे खो खो हसले. हसणारच हो! सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे केस जमिनीवर पाडून जो पोट भरतो, त्यानं म्हणावं, मला केस पडलेले बघवत नाहीत! "दिवसभर दुकानात झाडू मारतो, घरी येऊनही तेच करू का?" असं तो सांगायचा आणि लोकांना ते पटायचं. बायकोला पटत नव्हतं, पण ती गप्प राहायची. खरं काय ते तिला ठाऊक होतं.

खरं असं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची धाकटी, बिट्टी, फार आजारी पडली. कडक औषधांनी पोरीचे केस पुंजक्या-पुंजक्यांनी उशीवर यायला लागले. शेवटी डॉक्टर म्हणाले, रोज रोज ते बघण्यापेक्षा सगळेच काढून टाका. बापाचंच सलून, दुसऱ्या कुणाकडे नेणार? त्यानं तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि आपल्याच हातानं पोरीचं डोकं साफ केलं. पुढं पोर बरी झाली, चांगली ठणठणीत झाली. केस खांद्यापर्यंत आले, शाळेतून मारामारीच्या तक्रारीसुद्धा यायला लागल्या. बाप मात्र तिथंच अडकला. त्या दिवसापासून त्यानं एकाही लहान मुलाच्या केसांना हात लावला नाही. कुणी पोराला घेऊन आलं की "आज फार गर्दी आहे हो" म्हणायचा, आणि दुकानात बघावं तर चिटपाखरू नसायचं. थोरल्याचे, म्हणजे दाद्याचे केस आई स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापायची. सलूनवाल्याचा मुलगा आणि डोकं बघाल तर उंदरांनी कुरतडल्यासारखं! बिट्टीच्या केसांचा तर विषयच कुणी काढत नव्हतं.

तर, कुत्रा. पोरांनी हट्ट धरून धरून आईबापांना नाकी नऊ आणले, तेव्हा सुट्टीच्या दिवशी चौघं निघाली. शहराबाहेर एक बाई टाकून दिलेल्या कुत्र्यांचा सांभाळ करायच्या. बाई म्हणजे भलत्याच खमक्या. कुत्रा दाखवायच्या आधी त्यांनी या चौघांचीच उलटतपासणी घेतली. घर केवढं, दिवसा घरी कोण, पोरं दार आपटतात का, फिरवायला कोण नेणार. "मी!" असं दोन्ही पोरं एकदम ओरडली. बाईंनी आईकडे बघितलं. आईनं नुसती मान हलवली. बाई समजल्या.

सलूनवाल्यानं मात्र पहिल्या पिंजऱ्यापाशीच निकाल लावला. आतलं कुत्रं छोटंसं, चकचकीत, केस अगदी कातडीला चिकटलेले. "हा घेऊ. आखूड केस, कचरा नाही."

"अहो, सलूनवाले ना तुम्ही?" बाई म्हणाल्या. "आखूड केस म्हणजे गळत नाहीत असं कुणी सांगितलं? हा तर सगळ्यांत जास्त झडतो. गादीत घुसून बसतात ते केस, निघता निघत नाहीत."

त्याला ते खरं वाटेना. त्यानं पिशवीतून गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायचा पांढरा कपडा काढला. हो, तो घेऊनच आला होता गडी! कपडा कुत्र्याच्या पाठीवरून फिरवला आणि सवयीनं झटकला. केस असे उडाले की दाद्याला शिंक आली. सलूनवाल्याचा चेहरा पडला. कपड्याची घडी करून तो मुकाट्यानं पुढं चालू लागला.

पुढं एक मुठीत मावेल एवढी पांढरी कुत्री होती. तिला बघून बिट्टी विरघळलीच. पण कुत्री उभ्या जागी थरथरत होती. "ही एखाद्या आजीच्या मांडीवर सुखात राहील," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे दोन पोरं, दिवसभर पळापळ. एक तर हिचा पाय मोडेल, नाही तर घाबरून ही कुणाला तरी चावेल. आणि दोष कुणाचाच नसेल." बिट्टीनं ओठ काढला, पण ऐकलं.

तेवढ्यात दाद्याच्या हातातून पाण्याची बाटली निसटली आणि फरशीवर खणखणत गेली. झालं! सगळ्या कुत्र्यांनी एकच गिल्ला केला. कोपऱ्यातल्या एका तपकिरी कुरळ्या गोळ्यानं मात्र एक डोळा उघडला, बाटलीकडे बघितलं, दाद्याकडे बघितलं आणि पुन्हा डोळा मिटला. फाईलवर सही करायचा कंटाळा आलेला एखादा मोठा अधिकारीच जणू. "साहेब!" दाद्या म्हणाला, आणि नाव तिथंच पडलं.

जातीबितीचा पत्ता नव्हता, वय चारेक वर्षं. बाईंनी बिट्टीला जमिनीवर बसवलं. त्याच्याकडे बघू नकोस, हात पुढं करू नकोस, त्याला वाटलं तर तो येईल, म्हणाल्या. पोर श्वास रोखून बसली. साहेब उठले, आळस दिला, सावकाश चालत आले आणि थेट तिच्या पावलावर बसले. सलूनवाल्यानं कपडा फिरवला, झटकला. एक केस पडला नाही. पुन्हा झटकला. नाहीच! त्याला इतका आनंद झाला की बाई पुढं काय सांगतायत त्याकडे त्याचं अर्धंच लक्ष होतं.

"गळत नाहीत म्हणजे वाढत नाहीत असं नव्हे हं. सुटलेले केस आतच अडकून बसतात. रोज अगदी कातडीपर्यंत विंचरायचं, आणि दीड-दोन महिन्यांनी कापायचे."

"बाई, विंचरायला मला शिकवता?" तो हसून म्हणाला.

घरात साहेबांचं राज्य सुरू झालं. पोरांचा अभ्यास त्यांच्या शेजारी बसून व्हायचा, आईच्या पायात ते घुटमळायचे. रोज संध्याकाळी सलूनवाला त्यांना स्टुलावर बसवून विंचरायचा. थोडं पाणी मारायचं, कंगव्यानं वरचे केस उचलायचे, हातानं फुगवायचे, लांब उभं राहून बघायचं, पुन्हा एक बट सारखी करायची. साहेब असे देखणे दिसायचे की रस्त्यावर लोक थांबून बघत. पण इथंच गाढवपणा झाला. गिऱ्हाइकाचे केस विंचरतात ते आरशात बरं दिसावं म्हणून. हा तसाच विंचरत होता, वरच्यावर. कातडीपर्यंत कंगवा कधी गेलाच नाही.

आणि कापायचं? "अहो, वाढलेत आता, कापा की," बायको म्हणायची. "थंडी आहे." मग थंडी गेली. "बघू पुढच्या सुट्टीला." सुट्ट्याही गेल्या. बायको जास्त बोलली नाही. तिला त्याची दया यायची आणि रागही यायचा.

एके दिवशी बिट्टीनं साहेबांना उचललं आणि ते कळवळून ओरडले. खाली ठेवलं तर पाय ताठ करून चालायला लागले. पोरीचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, हा आजारी आहे का? बाबा, सांग ना!" साहेबांना कपड्यात गुंडाळून तो तिच्यासकट जनावरांच्या डॉक्टरांकडे धावला.

डॉक्टरांनी वरचे फुगवलेले केस बाजूला सारले. खाली सगळी जट! नुसती घट्ट, चिवट चादर. बगलेत, पोटाखाली, कानामागे, पाऊल टाकलं की कातडी ओढली जात होती. "आजार काही नाही. पण याला फार दुखतंय. विंचरून आता सुटायचं नाही. मशीननं सगळं काढा, आजच्या आज. तुम्ही काय करता?"

"सलून आहे," तो मान खाली घालून म्हणाला.

"मग माझ्याकडे कशाला आलात?" डॉक्टर हसले. तो हसला नाही.

दुकानाला त्या दिवशी सुट्टी होती. शटर अर्धं वर करून बाप-लेक आत शिरले. साहेबांना खुर्चीत बसवलं. त्यानं मशीनला तेल दिलं. पातं बदललं. बदललेलं पातं पुसलं. मग जुनंच बरं होतं म्हणून ते पुन्हा लावलं. मशीन चालू केलं आणि लगेच बंद केलं. जनावर दुखण्यानं कण्हत होतं आणि याला मशीन टेकवता येत नव्हतं. "आईला बोलावू या का?" तो म्हणाला. आई येऊन काय मशीन चालवणार होती?

बिट्टी खुर्चीच्या दांडीवर चढून बसली, साहेबांचं तोंड तिनं दोन्ही हातांत धरलं आणि त्यांच्याशी बोलायला लागली.

"घाबरू नको हं. आवाज मोठा येतो, पण दुखत नाही. कानामागं गुदगुल्या होतात, तेव्हा हसायचं नाही. आधी डोक्याला गार गार लागतं. मग सवय होते."

सलूनवाला जागच्या जागी थिजला. त्या दिवसाबद्दल ती आजवर एक अक्षर बोलली नव्हती. लहान होती, विसरली, असंच त्यानं मनाला समजावलं होतं.

"आणि हे बघ," बिट्टी साहेबांच्या कानाशी गेली, पण कुजबुजणं तिला कधी जमलंच नाही, "हा बाबा आहे ना, हा मध्येच रडतो. मागं उभा राहून रडतो, त्याला वाटतं आपल्याला दिसत नाही. पण समोर आरसा असतो ना! आपण हलायचं नाही, रडायचं नाही. आपण रडलो की त्याला आणखी रडू येतं. मी अजिबात हलले नव्हते."

एवढीशी पोर, अंगात ताप, आणि त्या खुर्चीत बसून ती बापाला सांभाळत होती. आणि हा दोन वर्षं समजत होता की आपण तिला सांभाळलं.

"बिट्टे," त्यानं विचारलं, "तुला राग आला होता का गं माझा?"

"छे! तू किती हळू केलंस. डॉक्टरकडची बाई सुई टोचायची ना, तिला बाबाकडून शिकून यायला सांग, म्हटलं होतं मी आईला." मग तिनं त्याला दटावलं, "बोलत काय बसलास? त्याला दुखतंय. मी धरलंय, तू कर."

त्यानं मशीन चालू केलं. मानेपासून शेपटीकडे तो सावकाश, कातडीला धक्का न लावता जात राहिला आणि ती जट अख्खीच्या अख्खी उलगडत खाली आली. साहेबांनी मोठ्ठा सुस्कारा सोडला. जमिनीवर केसांचा ढीग पडत होता आणि सलूनवाला त्याच्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. या वेळी तो खुर्चीच्या पुढं उभा होता, अगदी पोरीच्या समोर, आणि डोळे पुसायला त्यानं हातातलं काम थांबवलं नाही.

"बघ," बिट्टी साहेबांना म्हणाली, "सांगितलं होतं की नाही तुला?"